बँडच्या आवाजात घेतलेलं नाव

डॉक्टर बाहेर आले, त्यांनी मान खाली घातली आणि मला कळायचं ते कळलं. पुढं ते काय बोलले ते कानात शिरलंच नाही. माझी लेक पल्लवी भिंतीला धरून उभी होती. तेवढ्यात खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव?" तो बिचारा त्याचं काम करत होता. मी म्हटलं, "हिचे पप्पा." तो म्हणाला, "नाव सांगा, मावशी." मी पल्लवीकडं बघितलं. तिनं सांगितलं. माणूस गेला होता, आणि तरी माझ्या तोंडून त्याचं नाव निघालं नाही… असली मी बाई.

त्याला आता काही आठवडे झालेत. तेलगावात रस्त्याच्या कडेला आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या आणि हे त्यांना नवी तांब्याची तार भरून द्यायचे. अख्खी पंचक्रोशी ह्यांना मिस्त्री म्हणायची. मीसुद्धा इथं तूर्त मिस्त्रीच म्हणते. मी बोलते आहे आणि पल्लवी लिहून घेते आहे. माझं 'न्हाई' तिनं 'नाही' करून टाकलंय, पण मिस्त्रींच्या बोलण्याला हात लावायचा नाही म्हणून मी तिला बजावलंय. लोक म्हणाले, त्यांच्या कामाबद्दल लिहा. कामाचं सगळ्यांना ठाऊकच आहे. मला सांगायचंय ते त्यांच्या खुळाबद्दल. साठीला टेकलेला माणूस, आणि जपानी कार्टूनमधल्या प्रेमकथांचा येडा!

हे खूळ लेकीनंच घरात आणलं. कोरोनात तिची पुण्याची कंपनी बंद पडल्यासारखी होती, सगळे घरून काम करत होते, तेव्हा ती इकडं येऊन राहिली. जेवताना तिच्या मोबाईलवर मोठ्या डोळ्यांची पोरंपोरी हिंदीत बोलायची. मिस्त्री आधी खेकसले, "घोडी झालीस, कार्टून बघायचं वय हाय का तुझं?" मग ताट घेऊन जरा सरकून बसले. मग म्हणाले, "ह्या पोराच्या मनात हाय की तिच्याबद्दल. मग बोलंना कावून?" पल्लवी म्हणाली, "पप्पा, तो बोलला तर गोष्टच संपल." ते त्यांना पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ताट घेऊन आपण होऊन येऊन बसले, आणि मी समजले, हा माणूस हातचा गेला.

पल्लवी पुण्याला परत गेली, पण जाताना त्यांच्या मोबाईलमध्ये सगळं भरून गेली. मग काय विचारता! दुकानात एका जुन्या मोटारीला मोबाईल टेकवलेला, हात तार भरताहेत आणि तोंड त्या पोराला शिव्या देतंय. "अरं बोल की बे! मुका हाय का?" दारात मोटार घेऊन आलेला शेतकरी दचकायचा, त्याला वाटायचं आपल्यालाच म्हणतात. एकदा पावसात त्या पोरानं पोरीच्या हातात छत्री दिली आणि स्वतः भिजत पळत सुटला. मिस्त्री हातातली तार टाकून उभेच राहिले. "दोघं मावत होती की तिच्याखाली! येडं हाय का काय!" माजलगावचा एक ऊसवाला मोटारीची वाट बघत बसला होता. तो म्हणाला, "मिस्त्री, माझं पीक वाळायलंय." हे म्हणाले, "तुझ्या मोटारीचं मी बघतो, ह्या पोराचं कोण बघणार?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगू? त्या दिवसांत दुकानातून त्यांचं हसणं घरापर्यंत ऐकू यायचं, आणि मी भाकरी थापता थापता एकटीच हसायचे.

पल्लवीनं मग त्यांना एक पुस्तक आणून दिलं. असल्याच गोष्टीचं, काळ्या-पांढऱ्या चित्रांचं. भाषा इंग्रजी, म्हणजे ह्यांना चित्रंच बघायची होती. आपण जसं पुस्तक उघडतो तसं उघडलं आणि बघत बसले. संध्याकाळी मला म्हणाले, "लई चांगलं हाय गं. पहिल्याच पानावर दोघं हातात हात घालून उभी. मग हळूहळू लाजायला लागली, मग भांडली, आन् शेवटी एकमेकांना वळखतबी न्हाईत." मला काही अर्थ लागेना. पल्लवीला फोन लावला तर ती हसून हसून बेजार. म्हणे, जपानी पुस्तक मागून पुढं वाचायचं असतं. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "आत्ता! आमचा बाप निजामाच्या शाळेत शिकलेला, उर्दू असंच उजवीकडून वाचायचा. माझ्या ध्यानातच आलं न्हाई." मग जरा थांबून माझ्याकडं बघत म्हणाले, "पण मी वाचलं तसंच बरं हाय. आपलं तसंच झालतं की. आधी लगीन, मग वळख." मी म्हटलं, "चहा थंड होतोय." दुसरं काय म्हणणार?

पण सगळं ज्यावरून सुरू झालं तो भाग वेगळाच होता. जत्रा भरलेली, आभाळात शोभेची दारू उडते आहे, आणि ती पोरगी एकदाची धीर करून मनातलं बोलते. नेमका त्याच वेळी मोठा फटाका फुटतो आणि पोराला काही ऐकूच जात नाही. पोरगी म्हणते, "कुछ नहीं." मिस्त्रींनी मोबाईल बंद केला आणि छातीला हात लावला. मला वाटलं, परत छातीत दुखतंय. म्हटलं, "काय होतंय?" तर म्हणाले, "आपलंबी असंच झालतं. तू उंबऱ्यात नाव घेतलं, आन् मी ऐकलंच न्हाई."

खरंच होतं ते. लग्न लागून मी ह्यांच्या दारात आले तेव्हा बायकांनी वाट अडवली, नाव घे म्हणाल्या. मी घेतलंसुद्धा, पण मागं बँडवाला असा पेटलेला की माझं मलाच ऐकू आलं नाही. पुढं हळदीकुंकवात उखाणे घेतले, पण तिथं पुरुषमाणूस कुठला असायला? एवढ्या वर्षांत ह्यांनी स्वतःचं नाव माझ्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं. आणि हे त्यांना इतकं लागलेलं असेल, हे मला त्या दिवशी कळलं.

ते मलाही कधी नावानं हाक मारत नसत. 'पल्लूची माय' म्हणायचे. आणि मग एक दिवस, दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली असताना, घराकडं तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, "मंदा, चहा आण गं." सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी चहा आणला, कप आदळले आणि घरी येऊन आरशासमोर उभी राहिले… त्या वयात गाल लाल झाले होते माझे. हसा खुशाल. रात्री म्हणाले, "मी घेतलं. आता तुझी पाळी. उखाणा नको, नुसतं नाव. त्या पोरी घेतात तसं."

मी नाही घेतलं. आमच्या आईनं लहानपणी मनावर कोरून ठेवलं होतं, नुसतं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. उखाण्यातलं चालतं, एरवीचं नाही. आणि ह्यांना तर छातीचं दुखणं लागलेलं. ते म्हणायचे, "असल्या गोष्टी खऱ्या असत्या तर जपानात एक गडी जिवंत राहिला नसता." मी म्हणायचे, "जपानचं जपानला. माझ्याकडं एकच आहे."

ऑपरेशन पुण्याला ठरलं. जाताना मांजरसुंब्याला ढाब्यावर गाडी थांबली, ड्रायव्हर आणि पल्लवी चहा सांगायला उतरले. हे माझ्याकडं वळून म्हणाले, "आता कुणी न्हाई. घे की." मी म्हटलं, "गाड्या चालल्यात केवढ्या, ऐकू यायचं नाही." ते हसले. "तेच तर. फटाके न्हाईत तर गाड्या. त्या पोरावर उगाच चिडत होतो मी. वाट बघण्यातबी मजा हाय." मला म्हणाले, पण बघत होते बाहेर रस्त्याकडं.

आत न्यायच्या आधी मी त्यांचा हात धरला. गार पडला होता. आयुष्यात कधी भ्यालेला नाही असा माणूस, आणि माझा हात सोडेना. माझा सगळा नेमधर्म गळून पडला. कानाशी जाऊन म्हटलं, "घेऊ का? आत्ता घेते." तर डोळे मिचकावून म्हणाले, "आता नगं. तूच म्हणतीस ना, आयुष्य कमी होतं. आज तेवढी जोखीम नगं. घरी गेल्यावर घे. हितं नर्स ऐकल."

मी ऐकलं त्यांचं. तोंड बंद ठेवलं. आईनं सांगितलेलं शेवटपर्यंत पाळलं, आणि तरी ते गेले. मग काय वाढवलं मी त्यांचं? कुणाचं आयुष्य राखलं? राग येतो मला. आईचा येतो, त्या बँडवाल्याचा येतो, त्यांचाही येतो.

परवा दुकान उघडलं. धुळीत त्यांचा मोबाईल, पुण्याला जाताना इथंच राहिलेला, तसाच मोटारीला टेकलेला. पल्लवीनं चार्जिंग लावून दिलं आणि ती तोंड फिरवून झाडलोट करायला लागली. मी स्टुलावर बसून तोच जत्रेचा भाग लावला. फटाका फुटला, पोरगी म्हणाली, "कुछ नहीं." मी तिथंच थांबवला. गाडी नाही, बँड नाही, रस्ता निवांत होता. आधी उखाणा घेतला, माझा मीच जुळवलेला:

"मोटारीच्या वेढ्याला तांब्याची तार,
अंकुशरावांचं नाव घेते, ऐका एक वार."

मग वाटलं, त्यांना हा कुठं पाहिजे होता? उठून उभी राहिले आणि चांगलं मोठ्यांदा म्हटलं, "अंकुश."

पल्लवीच्या हातातला झाडू थांबला. समोरचा चहावाला वळून बघायला लागला. बघू दे.