कपाळावरचा डाग

परभणीत स्टेशन रोडवर त्या फोटोग्राफरांचा स्टुडिओ आहे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझं काम लॅपटॉपवरचं. तेच पोर्तुगालमध्ये राहून करता यावं म्हणून मी व्हिसाचा अर्ज केला होता. त्यांच्याकडे काढलेला फोटो पासपोर्टशी जुळत नाही म्हणून अर्ज परत आला. माझ्या कपाळावरचा भाजल्याचा डाग त्यांनी कॉम्प्युटरवर पुसला होता, वर मला गोरंही केलं होतं.

मी तणतणतच गेले. त्यांनी फोटो आणि पासपोर्ट शेजारी ठेवले, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा पाहिलं.

“ताई, लग्नाचे फोटो करून करून हाताला सवयच लागली. डाग दिसला की पुसायचा. तुमाला पुसायचाय का, हे इचारलंच न्हाई मी.”

मग त्यांनी मागचा पांढरा पडदा ताणला, मला कपाळावरची बट मागं घ्यायला सांगितली आणि फोटो निघाला तसाच छापला.

व्हिसा आला तेव्हा पहिली आठवण त्यांचीच झाली. त्या फोटोच्या सहा प्रती उरल्या होत्या. स्थळांना पाठवायला आई कधीची फोटो मागत होती. तिला त्यातलाच एक दिला.