तात्यांच्या सहा सह्या

नर्सिंगच्या त्या दोन वर्षांबद्दल मी फार बोलते. बहारीनच्या नईम भागातल्या आमच्या दोन खोल्या, फ्रिजवर चिकटवलेली औषधांची कार्डं, एकतिसाव्या वर्षी पुन्हा पाठीवर घेतलेलं दप्तर, लॅबमधला तो रबरी पुतळा – बिचाऱ्याच्या दंडाची मी पार चाळण केली होती – हे सगळं मी रंगवून सांगते. नवऱ्याला तर पाठ झालंय. पण दुसऱ्या वर्षाच्या गुरुवारांपाशी आले की मी हळूच विषय बदलते. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. नवऱ्याच्याही नाही. आज मात्र बदलत नाही.

कम्युनिटी हेल्थ हा विषय होता. एक पेशंट निवडायचा, सहा गुरुवार त्याच्या घरी जायचं, तपासायचं, डायरी लिहायची आणि भेटीच्या कागदावर दर वेळी त्याची सही घ्यायची. मला मिळाले तात्या परब. कुडाळकडचे, तुबलीतल्या एका गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करणारे, वीस वर्षांपासून बहारीनमध्ये आणि दहा वर्षांपासून साखरेचा आजार. दुपारी एक ते चार गॅरेज बंद असे, तेव्हा ते खोलीवर असत. एका खोलीत सहाजण. मी गेले की बाकीचे उठून बाहेर जायचे आणि तात्या डब्यातल्या दुधाचा चहा टाकायचे. मला बिनधास्त साखर घालायचे, स्वतःच्या कपाकडे बघून उसासा सोडायचे. फार गोड माणूस. मी मनापासून सांगते, मला ते आवडायचे. मग मी असं का केलं? थांबा, सांगते.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना मोजे काढायला लावले. नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या पेशंटनं ‘लागलं’ म्हणायचं, अशी ती तपासणी. तात्या डोळे घट्ट मिटून बसले होते. मी उजव्या पायाला टेकवला, ते ‘हं’ म्हणाले. डाव्या अंगठ्याला टेकवला – काही नाही. पुन्हा टेकवला. ते नुसतेच हसत बसून राहिले, मी अजून सुरुवातच केली नाही असं समजून. अंगठ्याखाली घट्टा होता आणि घट्ट्याच्या मधोमध एक काळपट ठिपका. हे वाईट, एवढं मला कळत होतं. आठवड्याभरापूर्वीच शिकले होते. मी त्यांना म्हटलं, पुढच्या गुरुवारी आपण हेल्थ सेंटरला जाऊ, मी येते बरोबर. त्यांना ना इंग्रजी यायचं ना धड अरबी. काउंटरवर काय बोलायचं याचीच त्यांना धास्ती. मी येणार म्हटल्यावर चेहरा एकदम मोकळा झाला.

मग मी सहीचा कागद पुढे केला. त्यांनी एका ओळीवर सही केली, माझ्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ह्या उन्हात कधी येऊक जमला नाय, तर तुझो अभ्यास थांबूक नको गो बाय. सगळ्यो सह्यो आताच करून देतंय.”

आणि केल्या. उरलेल्या चारही. शाळेतल्या मुलासारख्या, एकेक अक्षर जपून. मी नको म्हटलं का? – नाही. मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

पुढच्या गुरुवारी फातिमा म्हणाली, चल ना घरी. फातिमा म्हणजे माझ्या वर्गातली हमद टाउनची मुलगी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिचा पेशंट तिची स्वतःचीच आजी, त्यामुळे तिच्या भेटी जेवता जेवता व्हायच्या! मी म्हटलं, एक गुरुवार काय होतंय? तिच्या आईनं मचबूस केला होता, मसालेभातासारखा पण कोंबडी घातलेला, एकाच मोठ्या ताटात सगळ्यांनी जेवायचं. नंतर आम्ही गार फरशीवर आडव्या पडून हाडांची नावं म्हणत बसलो. मला मैत्रिणी अशा कधी मिळाल्याच नव्हत्या. लग्न, मग हा देश, मग मुलगी. त्या दुपारी मी पोट दुखेपर्यंत हसले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेले. आणि त्याच्या पुढच्या. चारही गुरुवार.

खरं सांगू? त्या दोन वर्षांतलं सगळ्यात सुंदर जे काही मला आठवतं, ते हेच चार गुरुवार आहेत. आजही मचबूसचा वास आला की जीव तिकडे धावतो. आणि मग तुबली आठवते.

डायरी मी तिथंच, फातिमाच्या फरशीवर लिहिली. तिसरी भेट : घट्टा मऊ पडत आहे. चौथी : कडा स्वच्छ, स्राव नाही. सहावी : त्वचा अखंड. पुस्तकातली जखम जशी बरी होते तशी मी तात्यांची जखम बरी केली, न बघता. हा विषय शिकवणाऱ्या ॲनी मिसनी ती डायरी वर्गात वाचून दाखवली आणि मला सर्वाधिक मार्क दिले. मी लाजून खाली बघितलं, सगळ्यांना तो विनय वाटला.

दोन आठवड्यांनी आमची ड्युटी सर्जिकल वॉर्डात लागली. खिडकीजवळच्या खाटेवर तात्या होते. डाव्या पायाला घोट्यापर्यंत बँडेज, पुढचं अर्धं पाऊल काढलेलं. ॲनी मिसनी फाइल वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना हिंदीत विचारलं, ही तुमच्याकडे येत होती ना? मग हे झालं कसं?

आता संपलं सगळं, असं वाटलं. तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, “हर हफ्ते आती थी मॅडम. मैंनेही पाँव नहीं दिखाया. बोला, ठीक है.”

आणि मी? एवढंच करायचं होतं – तोंड उघडायचं. तोंड मी उघडलं नाही. मिस पुढच्या खाटेकडे गेल्या तेव्हा तात्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता विचारतील, का नाही आलीस? हेल्थ सेंटरला मी येते म्हणाले होते म्हणून ते चार आठवडे थांबले होते. प्रत्येक गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून बसत, हे मला नंतर त्यांच्या खोलीतल्या माणसानं सांगितलं. पण त्यांनी ते विचारलं नाही. हळूच म्हणाले, “पास झालंस मां गो?”

मी मान हलवली. “बरा झाला,” म्हणाले आणि डोळे मिटले, धाग्याच्या तपासणीला मिटले होते तसेच.

त्या संध्याकाळी मला त्यांच्यावर केस रिपोर्ट लिहायचा होता. तो मी लिहिला. त्यात एक वाक्य आहे, कुणी सांगून लिहिलेलं नाही, माझं मीच लिहिलेलं : ‘रुग्णाने लक्षणे लपवली.’

अर्ध्या पावलावर दिवसभर उभं राहून डेंटिंग होत नाही. त्यांचा व्हिसा रद्द झाला, ते गावी गेले. मी एअरपोर्टवर गेले नाही, फोनही केला नाही. आज मी त्याच वॉर्डात सीनियर नर्स आहे. नव्या मुली येतात तेव्हा त्यांना बजावते, मोजे काढा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, पेशंट ठीक आहे म्हणाला तरी बघा. मुली म्हणतात, मॅडम पायाच्या बाबतीत फार कडक आहेत.

भेटीचा तो कागद माझ्याकडे आहे. सहा सह्या, सगळ्या सारख्याच जपून केलेल्या. तात्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांनी मोजा काढून पाय माझ्या हातात दिला होता.