भास्करच्या वडिलांचा एक्स-रे

भास्करच्या घरचं पाणी आमच्या गल्लीत कुणी पीत नसे. ऐंशीच्या आसपासची, शिंदखेड्याची गोष्ट. त्याचे वडील, आमचे आबा, ताप आणि धाप लागून आठवड्यात गेले. धुळ्याला एक्स-रे काढला होता. डॉक्टर म्हणाले, टीबी. आबा गेले, ते नाव मात्र घरातून गेलं नाही. माय दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची, तर तिला चहा वेगळ्या कपात, वरून ओतून. भास्करच्या मोठ्या बहिणीची, सिंधूअक्काची, ठरलेली सोयरीक मोडली. शेवटी दोन लेकरांच्या बिजवराला तिला दिली. "टीबीवाल्याची पोर दुसरं कोण करणार होतं," हे तिच्या सासूने भर मांडवात ऐकवलं. मी तिथे पंगतीत वाढत होतो.

आमच्या दोघांच्या घरांत कॉलेजची पायरी आधी कुणी चढलेलं नव्हतं. मी बी.ए. होऊन जळगावला शाळेत लागलो. तो डॉक्टर झाला, तोही छातीचे, डोक्याचे फोटो वाचणारा. गावात हसायचे, "हाऊ कसाना डाक्टर, सुई बी टोचत नई." मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

जळगावात सीटी स्कॅनचं मशीन आलं आणि भास्कर तिथे लागला. एका दुपारी मी त्याच्याकडे बसलो असताना फैजपूरच्या केळीवाल्याचा तरणा मुलगा आणला. श्वास पुरत नव्हता. आधीच्या डॉक्टरांनी टीबी सांगून गोळ्याही सुरू केल्या होत्या. भास्करने फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. दोन्ही फुफ्फुसांत ठिपकेच ठिपके. "टीबीचे असे पसरलेले ठिपके बाजरीच्या दाण्यासारखे असतात, एकसारखे. हे बघ, लहानमोठे... आणि काठाला धूर धरलाय." तो बाहेर गेला, मुलाच्या आईला म्हणाला, "माय, याच्या अंगावर काही आलं होतं का?" ती खाली बघत राहिली. त्याने मुलाचे केस बाजूला केले. आत खपल्या होत्या. तेव्हा ती बोलली, "माता आली व्हती. पन तिचं नाव दवाखान्यात काढत नही."

कांजिण्या. त्यांचा विषाणू फुफ्फुसात उतरला होता. औषधं बदलली, मुलगा वाचला. घरच्यांनी मातेला खणनारळ वाहिला. भास्करला साधं भेटायलाही कुणी आलं नाही, पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतंच. रविवारी तो मला घेऊन शिंदखेड्याला गेला.

माय वाती वळत होती. "माय, आबाना आंगवर माता उनी व्हती का?"

"उनी व्हती. आधी तुले, मंग त्यास्ले."

"डाक्टरले सांगेल व्हतं?"

"तठे मातानं नाव कोन लेस रे?"

त्याने ट्रंकेतला आबांचा एक्स-रे काढून दाराच्या उजेडात धरला. शिकत असताना त्याने तो पाहिला होता, आणि त्यालाही तेव्हा टीबीच दिसला होता. बराच वेळ बघून म्हणाला, "एक्स-रेत सगळं कळत नाही... पण हा टीबी नव्हता, भो."

तिथून आम्ही अक्काच्या सासरी गेलो. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. भास्करने सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही. "मंग आते मनं लगन मोडीसन परत लावशी का?"

गेल्या महिन्यात धुळ्याहून येताना ट्रकने त्याची स्कूटर उडवली. दहाव्याला अक्काच्या सासरचे आले होते. मायने तांब्या पुढे केला. त्यांनी हात लावला नाही, तसेच उठले...

जळगावात मेहरूणला त्याची खोली आवरायला मी गेलो होतो. टेबलावरच्या दिव्याच्या पेटीवर आबांचा एक्स-रे लावलेला होता. मी दिवा लावून पाहिला. मला त्यातलं काही कळत नाही. त्याच्या सीटी स्कॅनच्या केंद्रात मात्र आता छातीच्या प्रत्येक रुग्णाला आत घेण्याआधी विचारतात, अंगावर माता येऊन गेली का. ते भास्करने सुरू केलं.