गाडीवरची छत्री

माझ्या भावाने गाडीवर टीव्हीची छत्री बसवली ती टीव्ही बघण्यासाठी नव्हे. घरात भिंतभर टीव्ही होता आणि त्याच्यासमोर बसायला त्याला सवड नव्हती. छत्री बसवली ती शेजारच्या चुलत्याच्या पोटात दुखावं म्हणून. दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. आमच्या नेरे गावात जमिनी विकल्या जात होत्या, हिंजवडीच्या इमारती आमच्या बांधावरून दिसायला लागल्या होत्या, आणि भावकीत एकच उद्योग उरला होता, एकमेकांना जळवायचा. चुलत्याने पांढरी गाडी घेतली तेव्हा भावाने काळी घेतली. चुलत्याने गाडीत गाण्यांचं यंत्र बसवलं, ते वाजलं की आमच्या ओट्यावरची भांडी थरथरायची. भावाला तेव्हापासून अन्न गोड लागेना. मग तो कुठूनसं ऐकून आला की पुण्यात एक माणूस गाडीवर छत्री बसवून देतो, घरात दिसतात ती सगळी चॅनलं गाडीत दिसतात.

बसवणारा आला त्या दिवशी मी माहेरीच होते. टपावर गावातल्या वेल्डिंगवाल्याने आधीच लोखंडी कॅरियर ठोकून ठेवला होता. त्याच्यावर दांडा, दांड्यावर छत्री. वायर मागच्या दाराच्या रबरातून आत घेतली, छत्रीचा डबा पुढच्या सीटखाली सरकवला, पडदा पुढच्या दोन सीटांच्या मधे छताला टांगला. मधल्या सीटवर बसलं की तो बरोबर डोळ्यांसमोर यायचा. चालत्या गाडीत चित्र धरणार नाही, गाडी उभी करायची आणि दर वेळी छत्रीचं तोंड दक्षिणेला, जरासं पूर्वेकडे कलतं फिरवायचं, असं त्या माणसाने बजावलं. भावाने मान डोलावली. त्याला आयुष्यात दिशा एकच कळली, चुलत्याच्या घराची.

"दक्षिन?" आत्या म्हणाली. "ती तर यमाची बाजू. तिकडं त्वांड करून काय बघायचं असतं?"

आम्ही सगळे हसलो. आत्या म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण; ती त्यांना दादा म्हणायची. लग्नाचं वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा नवऱ्याने टाकली आणि ती माहेरी आली ती कायमची. आमची आई लवकर गेली, मला आणि भावाला आत्यानेच वाढवलं. शेत होतं तोवर ती शेतात राबून मेली. शेत विकायचं ठरलं तेव्हा पौडच्या कचेरीत जाऊन, दाखवतील तिथे अंगठा उठवून आली. काय लिहिलंय हे विचारलंसुद्धा नाही. या सगळ्याच्या बदल्यात तिच्या वाट्याला आली ती मागची खोली. नव्या बंगल्यामागे भावाने भाड्याने द्यायला खोल्यांची चाळ काढली होती, कंपनीतली पोरं तिथे चौघं-चौघं राहायची, आणि त्या चाळीतली कडेची खोली आत्याची होती. भावाच्या डोळ्यांत ती एकच खोली सलायची. पण आबांनी एकदा जेवताना, सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं होतं, "ही हाय तवर ती खोली हिची. मी आसंन नायतर नसंन." आबा दुसऱ्यांदा सांगणारे नव्हते. भाऊ ताटात बघत राहिला होता.

छत्री बसली, पण अंगणात गाडी उभी केली की चित्र लागेना. दक्षिणेला आत्याच्या खोलीपुढे आंबा होता, तो आडवा येत होता. वहिनी गाऊनवर स्टूल घेऊन छत्री फिरवायची, भाऊ आत बसून ओरडायचा, "थोडं वर, न्हाई, खाली, आता व्हतं ते घालवलंस की!" आणि अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून करमणूक करून घ्यायची. चार दिवस हा तमाशा झाला. पाचव्या दिवशी भावाने आंबा तोडला. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून आंबा तोडणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता, आणि तो माझ्याच आईच्या पोटचा निघाला याची मला अजून लाज वाटते. आत्याने त्याच झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं आम्हा दोघांना वर्षानुवर्षं घातलं होतं. ती खोलीचं दार लावून बसली. वहिनी म्हणाली, "बरं झालं, पाला झाडायचं काम गेलं."

त्याच साली आबांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. घशातून एकच घोगरा आवाज निघायचा आणि डावा हात तेवढा उचलता यायचा. पहिले काही दिवस त्यांची खाट पुढच्या खोलीत होती. पण वहिनीकडे बायका यायच्या, नवीन सोफा होता, आणि आबांच्या तोंडातून लाळ गळायची. मग एका सकाळी भावाने आबांना उचलून गाडीत, मधल्या सीटवर नेऊन बसवलं, मागेपुढे उशा लावल्या आणि टीव्ही चालू केला. येईल त्याला सांगायला लागला, "आबांस्नी गाडीतला टीव्ही लई आवडतो. घरात बसतच न्हाईत." ऐकणारे म्हणायचे, नशीब काढलं म्हाताऱ्यानं. चुलतासुद्धा येऊन काचेतून डोकावून गेला, आणि त्याचा चेहरा पडलेला बघून भावाचं पोट भरलं.

सकाळी चहा झाला की आबा गाडीत, ते दिवे लागेपर्यंत. काचा अर्ध्या खाली. कधी भक्तिगीतं, कधी जंगलातले प्राणी, कधी बाजारभाव, जे लागेल ते. रिमोट भावाच्या खिशात. आबांनी मान खाली घातली तर वहिनी म्हणायची, डोळा लागला.

मी आठवड्याला जायचे. पौडला आमच्या दोन खोल्या, तिथून एसटीने. एकदा गेले तर आबा डावा हात पुढे करून तोच घोगरा आवाज काढत होते, पुन्हा पुन्हा. भाऊ ओट्यावरून ओरडला, "आवाज वाढवा म्हनत्यात," आणि आवाज वाढवून गेला. हात तसाच. भाऊ परत आला, "चॅनल बदला म्हनत्यात." चॅनल बदललं. हात तसाच. मी आबांच्या शेजारी मधल्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांच्या हाताच्या रेषेत बघितलं. हातापुढे पडदा होता. पण पडद्याच्या पलीकडे गाडीची पुढची काच होती, आणि काचेपलीकडे, जिथे आंबा होता तिथली मोकळी जागा ओलांडून, समोर आत्याच्या खोलीचं दार होतं. बंद. मी उठून पडदा छताला दुमडला. हात तसाच.

मी जाऊन आत्याला बोलावून आणलं. आबांनी तिचं मनगट धरलं आणि हात खाली आणला. आवाज थांबला. दोघं तशीच बसून राहिली. मग आबांनी भावाकडे बघितलं, तिचं मनगट जरासं उचलून त्याला दाखवलं. मूर्खालाही कळलं असतं. भाऊ म्हणाला, "आत्या, सरक बाजूला, त्यांला दिसंना तुझ्यामुळं."

मी भांडले. अंगणात उभी राहून भांडले, चाळीतली पोरं बघत होती तरी. भाऊ म्हणाला, "तू पौडची. तुला हितलं काय कळतंय?" वहिनी म्हणाली, "यवढी माया हाय तर न्यायचं की आपल्याकडं, दोघांस्नी." आत्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिला वाटत होतं, आबांनी शब्द टाकलाय, तो कोण मोडणार?

पावसाळा संपता संपता आबा गेले. गाडीतच गेले, दुपारी. टीव्ही चालूच होता. किती वेळ आधी गेले होते ते कुणी सांगू शकलं नाही.

दहाव्याला नदीवर गर्दी झाली. जमीन विकलेल्या माणसाच्या दहाव्याला होतेच. भटजींनी पिंड मांडले, आम्ही मागे सरून उभे राहिलो आणि कावळ्याची वाट बघायला लागलो. पलीकडच्या बाभळीवर चार-पाच कावळे होते. बघायचे, मान वाकडी करायचे, खाली येत नव्हते. भाऊ पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "आबा, देवळाला घाट करीन." कावळा ढिम्म. "वर्षश्राद्धाला गावजेवन घालीन." ढिम्म. चुलतभाऊ, मावसभाऊ, एकेक जण पुढे होऊन काय काय कबूल करून आला. ऊन चढलं. भावकीतला एक जख्ख म्हातारा होता, तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आरं, आत्याला संबाळीन म्हन की. सगळ्यांस्नी ठावं हाय त्याचा जीव कुटं अडकलाय."

आत्या बायकांच्या मागे उभी होती. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. सगळ्यांनी भावाकडे बघितलं. एवढंच म्हणायचं होतं, आणि म्हटलं असतं तर चारचौघांत, आबांच्या पिंडासमोर बांधला गेला असता. हे तो जाणून होता. त्याने घाम पुसला. भटजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा करून शिवू का, म्हणाले.

"थांबा," भाऊ म्हणाला. "मला ठावं हाय आबांस्नी काय पायजे."

आणि तो गाडी घेऊन आला. खरंच आला. पिंडांपासून जरा अंतरावर, काठावर उभी केली, सगळी दारं उघडी टाकली आणि टपावर चढून छत्री फिरवायला लागला. त्या दिवशी मॅच होती. आत बसलेला मावसभाऊ म्हणाला, "डावीकडं." दुसरा म्हणाला, "डावीकडं न्हाई, वर." मग दहा जण गाडीभोवती गेले, मग वीस. जो तो अक्कल शिकवायला लागला. कुणीतरी दगड घेऊन दांड्याला ठोकला. स्कोअर काय झाला हे विचारायला म्हातारेसुद्धा काठी टेकत तिकडे सरकले. भटजीही मान उंच करून बघत होते. पिंडांजवळ कुणी राहिलं नाही. माणसं हटली, जागा मोकळी झाली, आणि कावळे खाली उतरले. एक नाही, सगळे. दोन मिनिटांत पिंडांचा चिखल केला.

"शिवला!" कुणीतरी ओरडलं. सगळे वळले. भाऊ टपावरच उभा होता. तिथूनच त्याने हात जोडले आणि रडायला लागला. खोटं नव्हतं ते रडणं, त्याचाच मला जास्त राग आला. "बघितलंसा?" तो म्हणाला. "आबांचा जीव टीव्हीतच व्हता. मी सांगत व्हतो."

लोकांनी माना डोलावल्या. कावळ्यापुढे कोण काय बोलणार? त्या जख्ख म्हाताऱ्यानेसुद्धा हात जोडले.

तेराव्यापर्यंत भाऊ आत्याला एक शब्द बोलला नाही. गरजच पडली नाही. तेराव्याची जेवणं उरकली आणि मी मागच्या खोलीत गेले तर आत्या लुगडी बोचक्यात बांधत होती.

"कुणी जा म्हटलं तुला?" मी विचारलं.

"न्हाई गं. कोन म्हनंल?"

मी तिला खाली बसवलं आणि सगळं फोड करून सांगितलं. हात पडद्याकडे नव्हता, तुझ्या दाराकडे होता. पडदा दुमडला तरी हात तसाच होता. तुझं मनगट धरलं तेव्हा खाली आला. आणि कावळे खाली आले ते माणसं लांब गेली म्हणून. गाडी आणली नसती आणि आपण सगळे नुसते उठून घरी गेलो असतो तरी आले असते. आत्याने सगळं ऐकून घेतलं. लहानपणी मी शाळेतून येऊन काही सांगायचे तेव्हा ऐकायची तसंच.

"जितं मानूस खोटं बोलंल," ती म्हणाली. "मेलेलं कशाला बोलंल, बाय? खोलीचं काय न्हाई मला. कुटं बी पडंन. पन दादाच्या जिवात मी नव्हते, तो टीव्ही व्हता, हे मला ठावं नव्हतं."

तिला मी पौडला आणलं. महिनाभरात त्या खोलीत कंपनीची पोरं आली, आणि भावाने गाडीवरची छत्री काढून त्याच खोलीच्या छपरावर बसवली. टीव्हीची सोय आहे म्हटल्यावर भाडं चांगलं येतं. चुलत्याने तोवर गाडीला वरून उघडणारी काच केली होती, त्यामुळे गाडीवरची छत्री जुनी झाली होती.

आत्या आमच्याकडे तीन वर्षं राहिली. आमच्याकडे टीव्ही होता, पण ती त्या खोलीत बसायची नाही. तो लागला की उठून मोरीपाशी जाऊन बसायची, तांदूळ नाहीतर काहीतरी निवडत. मी किती वेळा सांगितलं असेल की आबांचा हात तुझ्याकडे होता. ती कधी वाद घालायची नाही. "आसंल," म्हणायची. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, विचारायची, "मंग त्यानं कावळ्याला का न्हाई सांगितलं गं?"