मुकट्यात जुळवलेला कॉम्प्युटर

आमच्या घरातला पहिला गेमिंग कॉम्प्युटर सोवळ्यात जुळवला गेला. अख्ख्या काशीत असा दुसरा नसावा, आणि नसलेलाच बरा.

आम्ही बालाजी घाटाजवळची जुनी मराठी मंडळी. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, गंगापूजनं मी दशाश्वमेधावर करतो. बायको सुमती शाळेत गणित शिकवते. मुलगी ऋचा युनिव्हर्सिटीत शिकता शिकता चार मैत्रिणींसोबत कॉम्प्युटरवर गोळ्या झाडते. मला वाटायचं, पोरगी वेळ घालवतेय. मग कळलं की यातही संघ असतात, सामने असतात आणि येत्या गुरुवारी संध्याकाळी तिच्या संघाचा निवडीचा सामना आहे. हरल्या तर वर्षभराची मेहनत पाण्यात. आणि तिचा जुना लॅपटॉप तर अर्ध्या खेळात तापून मान टाकायचा.

नवा कॉम्प्युटर घ्यायचा यावर एकमत झालं. वाद पुढचा. सुमतीचं म्हणणं, तयार घ्यावा. बिघडला तर दुकानदाराच्या दारात नेऊन ठेवता येतो. ऋचाचं म्हणणं, सुटे भाग आणून घरीच जुळवावा.

"बाबा, तयारवाल्यात बाहेरून रंगीत दिवे लावतात आणि आत पावर सप्लाय एकदम घटिया टाकतात. मतलब, कधीही दगा देणार."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण कळत नसलेल्या गोष्टीवर ठाम निर्णय देण्याची सवय मला घाटावर लागली आहे. मी म्हटलं, जुळवायचा. माझं आयुष्यच तयार मालाशी भांडण्यात गेलंय. हल्ली यजमान पूजेचं तयार सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन येतात. त्यातली सुपारी किडकी, आणि जानवं कुठल्या यंत्रातून निघालंय ते देव जाणे. मी जानव्याचं सूत अजून स्वतः काततो. अशा माणसाने मुलीला तयार कॉम्प्युटर आणून द्यायचा म्हणजे तोंड कुठे लपवायचं?

बुधवारी आम्ही बापलेक पूल ओलांडून रामनगरला, ऋचाच्या माहितीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "पंडितजी, बना-बनाया ले जाइए, काहे परेशान होते हैं." मी त्याला तयार जानव्याचे दोष सविस्तर सांगितले. त्याने निमूटपणे सुटे भाग बांधून दिले.

गुरुवारी दुपारी क्लास आटोपून आल्यावर जुळवणी करू, असं ऋचा सांगून गेली. मी सहज पंचांग उघडलं. ती यायची तेव्हाच नेमका राहुकाळ! आयुष्यातला एवढा महत्त्वाचा सामना आणि यंत्र उभं करायचं राहुकाळात? बाप म्हणून हे मला बघवेना. जुळवणीचा व्हिडिओ तिने मला दाखवलाच होता. सगळे भाग आपापल्या खाचेत बसतात, उलटे बसतच नाहीत, हे त्यात मला फार आवडलं होतं. शिवाय त्यातला मुलगा पुन्हा पुन्हा बजावत होता की भागांना हात लावण्यापूर्वी अंगावर काय घातलंय आणि आपण कशावर बसलोय याकडे नीट लक्ष द्या. (मला तो मुलगा चांगल्या घरचा वाटला.)

मी नीट लक्ष दिलं. आंघोळ केली, रेशमी मुकटा नेसलो. जानेवारीची थंडी, म्हणून खांद्यावरून लोकरीची धाबळी घेतली आणि लोकरीच्याच आसनावर बसलो. समोर पाट, पाटावर मदरबोर्ड. शीतलहरीमुळे शाळा बंद होत्या, त्यामुळे सुमती घरीच होती. तिने दारातून पाहिलं.

"अहो, ऋचाला येऊ द्या की."

मी राहुकाळाचं सांगितलं. ती परत आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस असंच करतो.

प्रोसेसर बसला. मेमरीची पहिली पट्टी उचलायला मी आसनावर जरा सरकलो, धाबळी सारखी केली आणि बोट टेकवलं. चट्ट! बोटाच्या टोकाला निळी ठिणगी, कोपरापर्यंत झिणझिण्या. मी भिंतीकडे पाहिलं. प्लग लावलेलाच नव्हता. म्हणजे हे तेज होतं! मी हात जोडले आणि सुमतीला हाक मारून सांगितलं की वीज न जोडताच यात वीज आली.

"त्यात नसेल आली, तुमच्यात आली असेल," ती आतूनच म्हणाली. गणिताच्या बाईंना श्रद्धा कमी असते, म्हणून मी दुर्लक्ष केलं. पुढे आणखी दोन-तीन ठिणग्या उडाल्या. प्रत्येक वेळी मी नमस्कार केला.

राहुकाळ लागायच्या आत काम फत्ते झालं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. मी पुन्हा दाबलं. पडदा काळा. मग ऋचा आली.

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, शेंडीपासून पायापर्यंत.

"बाबा, रेशीम? आणि वरून लोकर?"

"खालूनही लोकर," सुमतीने आतून भर घातली.

"तुम्ही पूरे के पूरे चार्ज झालात, बाबा. सच में."

मग तिने समजावलं. कोरडी थंडी, रेशमावर लोकर घासलेली, त्यातून अंगात साठलेली वीज, आणि तिच्या एका ठिणगीत मरणारी मेमरी. व्हिडिओतल्या मुलाने बजावलं होतं ते हेच. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिचे नुसते डोळे भरून आले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सामना संध्याकाळी. मी तसाच मुकट्यात उठलो आणि म्हणालो, "मी रामनगरला जातो आणि तयार घेऊन येतो." हे वाक्य माझ्या तोंडून ऐकायला सुमती खास बाहेर आली.

ऋचाने हातानेच थांबवलं. अंगातली वीज उतरावी म्हणून खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला आणि मेमरीची एक पट्टी काढली. पडदा काळा. मग आत राहिलेली काढून तिच्या जागी हातातली बसवली. पडदा उजळला.

"एक वाचली," ती म्हणाली. "अटकत अटकत चालेल. पण चालेल."

चालला. त्याच अर्ध्या जीवावर पोरींनी सामना मारला आणि तिच्या संघाची निवड झाली. आनंदाने मला राहवेना. पडद्यावर नेमकं काय झालं ते पाहायला मी पुढे झालो. ऋचाने खुर्चीतून न वळताच हात आडवा केला.

"बाबा, तिथेच. आधी सुती कपडे घाला, नळाला हात लावा, मग या."

जन्मभर देवघराच्या दारात उभं राहून मी लोकांना बाहेर थांबवत आलो. आता आमच्या घरात कॉम्प्युटर सोवळ्यात असतो, आणि त्याला विटाळ होतो तो फक्त माझा.