दौलतमास्तरांची अकरावी

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी दाढी करत होतो. दौलतमास्तर गेले, एवढीच ओळ. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून खाटेवर बसून राहिलो... बायकोनं विचारलं, "कोण गेलं?" म्हणालो, "ज्यांची अकरावी मी बुडवली, ते." तिला वाटलं, नेहमीसारखं वाढवून सांगतोय. माझी ख्यातीच तशी. पण यात वाढवण्याजोगं काही नव्हतं.

राज्यांची नवी वाटणी झाली त्या सुमारास मी यवतमाळात शाळा तपासनीस म्हणून लागलो. इस्त्रीचा कोट, आणि कॉलेजात भूमितीचं बक्षीस मिळाल्याची गुर्मी. कोणतं हायस्कूल मुलांना मॅट्रिक करून कॉलेजात धाडण्याच्या लायकीचं, हे ठरवायचं काम माझ्याकडे. माझी रीत सोपी होती: फळ्यावर आकृती काढायची आणि वर्गाला म्हणायचं, करा सिद्ध. शहरातल्या एका मोठ्या शाळेत वर्तुळ काढलं, केंद्रातून जीवेवर लंब टाकायला गेलो, आणि बोलण्याच्या भरात लंब केंद्रापासून चांगला दोन बोटं बाजूनं गेला. मला पत्ता नाही. पोरांनी मात्र एका सुरात, श्वास न घेता, जीवेचे दोन समान भाग करून दाखवले. मी मान डोलावली. शेरा लिहिला: उत्तम.

दोन दिवसांनी मुकुटबनच्या अलीकडे, मास्तरांच्या हायस्कुलात. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. तोच वर्ग, अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. तीच आकृती, आणि तीच चूक! पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मग तांड्यावरची शेवंता, वर्गातली एकुलती एक मुलगी, उभी राहिली.

"साहेब, हे नाई होत सिद्ध."

"का नाही?"

"तुमची रेघ केंद्रातून जातच नाई. जबरदस्तीनं समान काहून म्हणून राह्यले तुमी?"

वर्गात खसखस पिकली. मास्तर खाली पाहत होते, पण मिशीतल्या मिशीत हसत होते, ते मला दिसलं. चूकही दिसली. पुसून टाकायला एक क्षण पुरला असता... मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "तयारी कच्ची आहे, मास्तर."

मोटारीपर्यंत पोचवायला ते आले. मी आत बसल्यावर हळूच म्हणाले, "साहेब, तुमाले वाटलं ते लिहा. फक्त येवढं ध्यानात ठेवा, अकरावी बंद झाली तं पोट्टे वणीले जातील. शेवंता नाई जात. तिच्या बापाले लय मनवून तिले इथवर आणलं मी."

"नियम सगळ्यांना सारखे," मी म्हणालो. खिडकीतून!

अहवालात लिहिलं: 'विद्यार्थी साधं प्रमेय सिद्ध करू शकत नाहीत.' शब्द न् शब्द खरा. खाली सही ठोकली. अकरावी गेली. ते वाक्य मला वर्षभर खात राहिलं. शेवटी वरच्या साहेबांपुढे चूक कबूल केली, मनसोक्त बोलणी खाल्ली आणि मास्तरांना वर्ग परत मिळवून दिला. त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं... शेवंताचं विचारलं, तर म्हणाले, "राजूरले देली. नवरा खाणीत हाये. मानूस बरा हाये."

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन आलो. मास्तरीणबाईंनी ट्रंकेतून कागद काढले. बाहेरून मॅट्रिकला बसायचे फॉर्म, दर वर्षाचा एक, मास्तरांच्या गोल अक्षरात शेवंताचं नाव भरलेले. "दरसाल राजूरले घेऊन जायचे," बाई म्हणाल्या. "तिचा सासरा बसवे, चहा पाजे, अन् सही तेवढी नाई करे."

यंदाचाही होता. पालकाच्या सहीची जागा कोरी. माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला... पण तिथं माझ्या सहीचा काही उपयोग नव्हता. जिथं होता, तिथं ती मी केव्हाच करून बसलो होतो.