शिंगांचा गुलाबी रंग

डोमाजी चहा बशीत ओतून आधी फुंकायचा, मग बोलायचा. बैलांशी तासभर, माणसांशी नेमकंच. "या मातकट घरात मी राहत नाही," म्हणून बायको रुखमाबाई माहेरी दिग्रसला गेली, तेव्हाही तो बशीतला चहाच फुंकत होता. अठ्ठावन सालच्या पोळ्याला मात्र त्यानं बैलांच्या शिंगांसाठी आणलेला डबाभर गुलाबी रंग घरालाच फासला.

"काय गा डोमाजी, घर पोळ्यात नेतं काय?" शेजारचे मारोतराव ओरडले.

"नेऊ द्या. पाव्हण्याले घर तरी सापडते," समोरच्या मथुराबाई म्हणाल्या.

बातमी दिग्रसला पोचली. तिसऱ्या दिवशी रुखमाबाई आली. तिनं घराला चक्कर मारली.

"मागची भिंत काहून सोडली?"

"रंग सरला."

"पुढच्या पोळ्याले लाव," म्हणत ती आत गेली.

पुढं नऊ पोळे झाले. दरवेळी शिंगं रंगवतानाच डबा सरला. मागच्या भिंतीवर गुलाबी ब्रश कधी फिरलाच नाही.